‘कुणाला सांगू नकोस’

उद्या १४ नोव्हेंबर. बेंगळुरूच्या शाळांतून बालदिन साजरा होईल, कब्बन पार्कातल्या जवाहर बालभवनात मुलांची झुंबड उडेल, वर्गावर्गांत चॉकलेटे वाटली जातील. उद्याच जागतिक मधुमेह दिनही आहे. पंडित नेहरूंचा जन्म १८८९ चा आणि इन्सुलिनच्या शोधाचा मानकरी फ्रेडरिक बँटिंग याचा १८९१ चा. तारीख दोघांचीही तीच. १९९१ पासून मधुमेह दिन जगभर पाळला जातो आणि डिसेंबर २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठराव करून त्याला मान्यताही दिली. तारीख एक असली तरी आपल्याकडे या दोन दिवसांची एकमेकांशी ओळख नाही. मधुमेह दिनाच्या शिबिरात पन्नाशीतल्या माणसांची साखर तपासतात आणि बालदिनाला मुलांचे तोंड गोड करतात. ज्या मुलांचे हे दोन्ही दिवस आहेत, ती हातातल्या चॉकलेटचे काय करावे या विचारात बाकावर बसून असतात. आजूबाजूची मुले आपल्याकडे बघत आहेत, याची त्यांना पुरेपूर जाणीव असते.

या मुलांच्या इन्सुलिनविषयी, पथ्याविषयी, भविष्यातल्या गुंतागुंतीविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्यांना मित्र कसे मिळतात, याविषयी फारसे कुणी बोलत नाही. डॉक्टरांच्या खोलीत एचबीए१सी (सरासरी साखर दाखवणारी तपासणी) किती आला हा पहिला प्रश्न असतो. ते बरोबरच आहे. पण दहा वर्षांच्या मुलाला विचारा, त्याचा पहिला प्रश्न वेगळा असतो: मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी कोण बसणार?

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अहवालानुसार टाइप वन मधुमेह असलेली वीस वर्षांखालची सर्वाधिक मुले भारतात आहेत, सुमारे २ लाख २९ हजार. आकडा मोठा आहे, पण ही मुले विखुरलेली आहेत. कर्नाटकात १९९५ ते २००८ या काळात ठेवलेल्या नोंदवहीत नव्या रुग्णमुलांचे प्रमाण वर्षाला लाखामागे चारच्या आसपास निघाले होते. म्हणजे हजार-दीड हजार मुलांच्या शाळेतही असे मूल बहुधा एकटेच असते. सगळ्या इमारतीत आपल्यासारखे कुणीच नाही, ही जाणीव पहिलीतल्या मुलालाही होते. आणि बेंगळुरूसारख्या शहरात ती अधिक बोचते, कारण इथे निम्मी मुले कुठून ना कुठून आलेली असतात. पुण्याहून, सोलापुराहून, बेळगावाहून बदली होऊन आलेल्या मराठी घरातल्या मुलीला आधी वर्गातले इंग्रजी, मैदानावरचे हिंदी आणि बसमधले कन्नड जमवायचे असते. त्यात भर म्हणून, पोटाला चिकटवलेला हा सेन्सर काय आहे आणि मी जेवणाआधी सुई का टोचते, हेही समजावून सांगायचे असते. शाळेच्या बसमधल्या आयम्माला ‘शुगर कडिमे आगिदे’ (साखर कमी झाली आहे) एवढे तीन शब्द वेळेवर सांगता येणे हा तिच्या जिवाचा प्रश्न असतो. कन्नड शिकण्याचे याहून चांगले कारण आम्हाला तरी सुचत नाही.

मैत्रीत पहिला अडथळा येतो तो एका चुकीच्या समजुतीचा. टाइप वन मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या नष्ट करते. ही प्रक्रिया लक्षणे दिसण्याच्या कितीतरी आधीपासून आतल्या आत चालू असते, हे दाखवणाऱ्या संशोधनाशी बेंगळुरूचेही नाते आहे. एकसारख्या जुळ्या आणि तिळ्या भावंडांपैकी एकाला मधुमेह झाला आणि दुसऱ्याला अजून झालेला नाही, अशा जोड्यांवरचा एक गाजलेला अभ्यास १९८३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक डॉ. एस. श्रीकांत पुढे बोस्टनहून बेंगळुरूला आले आणि ‘समत्वम्’ या संस्थेतून इथल्या मुलांवर उपचार करू लागले. इतके जुने ज्ञान आपल्या शहरात आहे. तरीही वर्गात प्रश्न येतो तो हाच, ‘तू लहानपणी खूप चॉकलेट खाल्लंस का?’ आणि घरी येणारे पाहुणेही तोच विचारतात, फक्त आईला.

आजीचा मधुमेह आणि नातीचा मधुमेह हे नावापुरते एक आहेत. आजीने साखर सोडली, चालायला लागली, गोळी घेतली की तिचे भागते. नातीच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही; ते बाहेरून मिळाले नाही तर ती काही दिवसांत दगावेल. कारल्याचा रस आणि मेथीदाणे यांच्या भरवशावर इन्सुलिन बंद करायला सांगणाऱ्या हितचिंतकांना घरच्यांनी स्पष्ट शब्दांत थांबवले पाहिजे. इथे भिडस्तपणा परवडणारा नाही.

याच संदर्भात एक गोष्ट गंभीरपणे मांडायला हवी. २०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. कोणत्या शीतपेयात, कोणत्या खाऊत किती साखर असते, याची माहिती देणारे हे फलक. मुलांमध्ये टाइप टू मधुमेह वाढतो आहे, म्हणून हा उपक्रम. हेतू उत्तम आहे आणि त्याला आमचा पाठिंबाच आहे. पण त्या फलकासमोर उभ्या असलेल्या तिसरीतल्या मुलाच्या मनात काय हिशेब होतो? साखरेने मधुमेह होतो. शेजारच्या बाकावरच्या मुलीला मधुमेह आहे. म्हणजे ती साखर खाऊन आजारी पडली. अपघाताने आलेला आजार अशा रीतीने तिची चूक ठरतो. त्या फलकाखाली आणखी एक ओळ हवी, की काही मुलांना होणारा टाइप वन मधुमेह साखर खाल्ल्याने होत नाही आणि तो कुणाला लागतही नाही. या एका ओळीला खर्च काहीच नाही.

आता घराकडे वळू. कारण मित्र मिळण्यात सर्वांत मोठी अडचण पुष्कळदा शाळेत नसून घरातल्या एका वाक्यात असते: कुणाला सांगू नकोस. हे वाक्य दुष्टपणाने कुणी उच्चारत नाही. मुलाची कीव होईल, शाळा प्रवेश नाकारेल, सहलीतून वगळतील, अशा खऱ्याखुऱ्या भीतीतून ते येते. मुलगी असेल तर त्यात पुढच्या लग्नाची काळजी मिसळते, आणि आठ वर्षांच्या पोरीवर वीस वर्षांनंतरच्या स्थळांचे ओझे टाकले जाते. मग ती शाळेच्या स्वच्छतागृहात दार लावून इन्सुलिन घेते. सुई घाईत टोचली जाते, कधी डोस राहूनही जातो. डब्यातले वाटून खायचे टाळते, आणि का टाळते ते सांगू शकत नाही. मैत्रिणींना वाटते, ही शिष्ट आहे.

लपवण्याचा हा इतिहास इन्सुलिनइतकाच जुना आहे. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ हिला १९१९ मध्ये, अकराव्या वर्षी मधुमेह झाला. तेव्हा उपासमार हाच उपचार होता. १९२२ च्या ऑगस्टमध्ये तिला टोरंटोत बँटिंगकडे आणले तेव्हा चौदा-पंधरा वर्षांच्या त्या मुलीचे वजन जेमतेम वीस किलो होते. इन्सुलिनने ती वाचली. शिकली, संसार केला, तीन मुलांची आई झाली आणि १९८१ मध्ये त्र्याहत्तराव्या वर्षी वारली. पण एवढ्या आयुष्यात आपल्याला मधुमेह आहे हे तिने घराबाहेर जवळजवळ कुणालाही कळू दिले नाही. इन्सुलिनचा इतिहास लिहिणारे मायकेल ब्लिस तिच्यापर्यंत पोहोचले तेव्हा कुठे ती गोष्ट उघड झाली. ज्या औषधाने ती जगली त्याच्याविषयी मैत्रिणीशी एक शब्द बोलता येऊ नये, हे केवढे एकाकीपण असेल!

तिच्या शेजारी रॉबर्ट लॉरेन्स या स्कॉटिश डॉक्टरचे उदाहरण ठेवावेसे वाटते. ऐन तरुणपणी मधुमेह झाल्यावर, आता फार दिवस उरले नाहीत असे समजून तो इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिला होता. १९२३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या त्याच्या सहकारी मित्राने त्याला निरोप धाडला, की इन्सुलिन मिळाले आहे, ते गुणकारी आहे, लगेच निघून ये. लॉरेन्स कसाबसा परतला आणि जगला. पुढे १९३४ मध्ये, स्वतःही मधुमेही असलेले लेखक एच. जी. वेल्स यांना बरोबर घेऊन त्याने मधुमेही माणसांची संघटना उभारली. हा सगळा इतिहास घडला, कारण त्याच्या मित्राला त्याचा आजार माहीत होता. माहीतच नसते तर निरोप कुणी कुणाला धाडला असता?

मित्राला माहीत असणे याचा शाळेतला अर्थ अगदी रोजच्या व्यवहारातला आहे. रक्तातली साखर ७० च्या खाली घसरली की मुलाला घाम येतो, हात थरथरतात, डोके चालेनासे होते. पण पुष्कळदा त्याआधी स्वभाव बदलतो. एरवी शांत असणारे मूल चिडते, डाव मोडते, रडते, नको ते बोलते. खो-खोच्या मैदानावर झालेल्या अशा भांडणाने मैत्री तुटते, आणि अर्ध्या तासाने साखर वर आल्यावर आपण असे का वागलो हे त्या मुलालाही सांगता येत नाही. मित्राला माहीत असेल, तर तो भांडण सोडून विचारतो, ‘तुझी शुगर लो झालीय का?’ आणि दप्तरातली ग्लुकोजची पुडी काढून देतो. उलट साखर वाढलेली असते तेव्हा सारखी तहान लागते, सारखे लघवीला जावे लागते. बाई रागावतात, मुले हसतात. मधुमेहाचे निदान होण्याआधीच्या दिवसांत तर कित्येक मोठी मुलेही अंथरूण ओले करतात. ॲन एम. मार्टिन यांची ‘द ट्रूथ अबाउट स्टेसी’ ही १९८६ ची बालकादंबरी याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवते. आजार नीट कळायच्या आधी मैत्रिणीच्या घरी रात्री असा प्रसंग ओढवतो आणि स्टेसीची जिवलग मैत्रीण तिच्यापासून दूर जाते. हे पुस्तक लाखो मुलींनी वाचले. मराठीत अशी गोष्ट लिहिली जावी असे आम्हाला मनापासून वाटते, आणि तीत मधुमेही मूल दयनीय किंवा धीरोदात्त नसावे. ते खोडकरही असावे, भांडकुदळही असावे.

सांगायचे म्हणजे वर्गासमोर उभे करून जाहीर करायचे नव्हे. मुलाची संमती घ्यावी, कुणाला किती सांगायचे ते त्यालाच ठरवू द्यावे. आधी वर्गशिक्षिका, खेळाचे सर आणि बसमधल्या बाई. मग एक-दोन जवळची मुले. त्यांना शिकवायचे तेही थोडकेच आहे. लो झाली तर एकटे सोडायचे नाही. साधारण १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज द्यायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, मोठ्या माणसाला बोलवायचे. नऊ-दहा वर्षांची मुले हे झटकन शिकतात आणि मोठ्यांपेक्षा कमी घाबरतात.

मात्र इथे एक धोका आहे. अर्धवट शिकवलेला मित्र पहारेकरी होतो. ‘आंटी, हिने केक खाल्ला!’ अशी तक्रार घेऊन तो धावत येतो. वास्तविक आज टाइप वन असलेले मूल, डॉक्टरांनी शिकवलेल्या पद्धतीने कर्बोदके मोजून आणि तेवढे इन्सुलिन घेऊन, वाढदिवसाचा केक खाऊ शकते. संक्रांतीला आपला तिळगूळ आणि इथल्या शेजाऱ्यांचा एळ्ळु-बेल्ला दोन्ही चाखू शकते, गणपतीत मोदकही खाऊ शकते. तो हिशेब त्याचा आणि त्याच्या आईवडिलांचा असतो. मित्राने राखण करायची नसते, फक्त सोबत असायचे असते. आणि खरे तर आयांनाही हे लागू आहे. व्हाइटफील्डच्या ऑफिसात बसून मोबाइलवर मुलीची साखर दर पाच मिनिटांनी बघता येते, हे तंत्रज्ञानाचे वरदानच आहे. पण मैत्रिणींच्या घोळक्यात दर थोड्या वेळाने आईचा फोन वाजू लागला, तर ती मुलगी घोळक्यात राहत नाही.

शाळांनी काय करावे, हे सांगणारी कागदपत्रे तयार आहेत. सीबीएसईने २०१७ मध्येच टाइप वन असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या, फळे, खाऊ आणि पाणी नेण्याची मुभा दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पत्र लिहून कळवले, की या मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे, मधल्या वेळचे खाणे खाऊ द्यावे, खेळात भाग घेऊ द्यावा. उत्तर प्रदेशाने त्याच वर्षी तसा आदेश काढला. शेजारच्या केरळात ‘मिठायी’ नावाची सरकारी योजना या मुलांना इन्सुलिन आणि साधनेही पुरवते. कर्नाटक आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये स्वतःला पुढारलेली म्हणवतात. प्रत्येक शाळेच्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर असा आदेश पोहोचवणे त्यांना अवघड नाही. वर्गात, बाकावर बसून, सर्वांदेखत इन्सुलिन घेण्याची मुभा हा आमच्या मते त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. जी गोष्ट उघड्यावर होते तिची आठ दिवसांत सवय होते आणि मग कुणी वळूनही बघत नाही. २०२१ च्या ऑलिंपिकमध्ये टेनिसचे सुवर्णपदक जिंकणारा अलेक्झांडर झ्वेरेव्ह याला अगदी लहानपणापासून टाइप वन आहे. ते त्याने जगाला सांगितले २०२२ मध्ये. आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच ओपनमध्ये, कोर्टवर इन्सुलिन घेण्यास स्पर्धेच्या अधिकाऱ्यांनी त्याला मनाई केल्याचा वाद झाला. एवढ्या नावाजलेल्या खेळाडूला आडोसा शोधायला सांगणारे जग दहा वर्षांच्या मुलाशी कसे वागत असेल!

वर्गातल्या मित्राखेरीज या मुलांना आणखी एका प्रकारचा मित्र लागतो, ज्याला काहीच समजावून सांगावे लागत नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये डॉ. लिओनार्ड वेंट यांनी मधुमेही मुलांचे उन्हाळी शिबिर भरवले ते १९२५ मध्ये, म्हणजे इन्सुलिन मिळू लागल्यावर अवघ्या दोन-तीन वर्षांत. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ आणि नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांचा ‘ड्रीम ट्रस्ट’ या संस्थांनी अशा मुलांसाठी वर्षानुवर्षे काम केले आहे. बेंगळुरूत ‘समत्वम्’ आहे, इंदिरा गांधी बालआरोग्य संस्था आहे, सेंट जॉन्स आहे. तपासणीच्या दिवशी तिथल्या बाकांवर बसलेली मुले पाहावीत. पहिल्यांदा आलेले मूल आईला बिलगून असते. मग शेजारचा मुलगा शर्ट वर करून आपला सेन्सर दाखवतो, आणि दोघांचे आकडे ताडून बघणे सुरू होते. तुझी आज किती? माझी २४०, तुझी? एकाकीपणावर याहून गुणकारी असे काही डॉक्टरांकडेही नाही. म्हणून रुग्णालयांना विनंती आहे, की या मुलांच्या तपासणीचा दिवस एकच ठेवा आणि त्यांना एकमेकांसोबत खेळायला एक खोली द्या.

याच शहरातल्या बायोकॉनने २००४ मध्ये यीस्टच्या साहाय्याने बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात आणले. आणि याच शहरात, इमारती बांधायला कलबुर्गीहून, मराठवाड्यातून आलेल्या मजुरांच्या पत्र्याच्या घरात फ्रीज नसतो. इन्सुलिनची कुपी ओल्या मातीच्या मडक्यात ठेवावी लागते. त्या मुलाची शाळाच सुटते, तर शाळेतला मित्र कुठून यावा? सेन्सर आणि ॲप यांच्या चर्चेत हे मूल विसरले जाते. सरकारी रुग्णालयातून इन्सुलिन, सुया आणि तपासणीच्या पट्ट्या अखंड मिळणे, ही त्याच्या मैत्रीचीदेखील पहिली अट आहे.

बेंगळुरूच्या महाराष्ट्र मंडळाला शंभर वर्षे उलटून गेली आहेत. गणेशोत्सव, दिवाळी पहाट, बालनाट्ये यांतून इथल्या मराठी मुलांना एकमेकांची ओळख होते. त्या कार्यक्रमांत यंदापासून एक साधी गोष्ट करता येईल: प्रसादाच्या आणि जेवणाच्या टेबलावर पदार्थाशेजारी त्यातल्या कर्बोदकांचा अंदाज लिहून ठेवा, आणि इन्सुलिन घेण्यासाठी कुणाला स्वच्छतागृह शोधावे लागू नये, एवढे बघा.

आणि पालकांना एक विनंती. तुमच्या मुलाच्या वर्गात असे मूल असेल, तर वाढदिवसाच्या यादीतून त्याचे नाव ‘उगाच त्याला वाईट वाटायला नको’ म्हणून गाळू नका. त्याच्या आईला आधी फोन करा. काय करायचे आहे, केक किती वाजता कापायचा आहे, तेवढे सांगा. लो झाली तर काय द्यायचे ते विचारून घ्या आणि आपला नंबर द्या. पाच मिनिटांचे काम आहे. उद्याच करा.